नाव तर वर गेलं, माणूस कसा आहे?

वकीलताई, स. न. वि. वि. मी निवृत्त शिक्षक. माझ्या हाताखाली शिकलेला एक मुलगा आज नावाजलेला वकील आहे. कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच आल्यापासून त्याचं नाव हायकोर्टाच्या जजसाठी वर गेल्याची चर्चा आहे. पोरगा हुशार, पण तापट. परवा एका लग्नात त्यानं मंडपवाल्याला चारचौघांत असं झापलं की माझीच मान खाली गेली. एवढ्या मोठ्या पदावर नेमताना माणसाचा स्वभाव कोणी बघतं का? एमपीएससीला निदान मुलाखत तरी असते. अमेरिकेत म्हणे टीव्हीवर उलटतपासणी होते. आपल्याला रामशास्त्री मिळायचे कसे?
— एक निवृत्त शिक्षक, इचलकरंजी

गुरुजी, राज्यघटनेनं या बाबतीत फार काही मागितलेलं नाही. अनुच्छेद २१७ म्हणतो, माणूस भारताचा नागरिक हवा आणि त्यानं हायकोर्टात दहा वर्षं वकिली केलेली हवी किंवा दहा वर्षं न्यायिक पद सांभाळलेलं हवं. एवढ्यावर बघितलं तर आमच्या बार रूममध्ये दुपारी चहा पीत बसलेले निम्मे लोक पात्र ठरतील. स्वभावाबद्दल त्यात एक अक्षर नाही.

पुढची चाळणी प्रथेनं आणि निकालांनी तयार झाली. हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती आणि त्यांचे दोन ज्येष्ठ सहकारी नाव सुचवतात. मग मुख्यमंत्री, राज्यपाल, केंद्राचं कायदा खातं आणि आयबीचा, म्हणजे केंद्राच्या गुप्तचर खात्याचा, अहवाल असा प्रवास करत ते न्यायवृंदापुढे (कॉलेजियम, म्हणजे सरन्यायाधीश आणि त्यांचे ज्येष्ठ सहकारी) येतं. त्याच हायकोर्टातून सुप्रीम कोर्टात गेलेल्या न्यायमूर्तींनाही विचारतात. वकिलाचं उत्पन्न बघतात, त्याचे किती खटले निकालपत्रिकांत छापून आले ते बघतात. जिल्हा न्यायाधीश असेल तर एक समिती त्याची निकालपत्रं वाचते.

आता विचारलं कोणाकोणाला जातं, ते बघा. सगळे असे, ज्यांच्यासमोर हा गृहस्थ आयुष्यभर वाकून ‘माय लॉर्ड’ म्हणत आला आहे. तिथे तो गोडच वागणार! माणूस कसा आहे ते त्याच्या क्लार्कला माहीत असतं, कोर्टाच्या असोसिएटला, म्हणजे जजसमोर बसून मॅटर पुकारणाऱ्या कर्मचाऱ्याला, माहीत असतं आणि सगळ्यात जास्त माहीत असतं समोरच्या बाजूच्या ज्युनिअरला. या तिघांना विचारायची सोय कुठल्याच पायरीवर नाही. माझं म्हणणं एवढंच की ती असायला हवी.

मुंबईत वकिली करताना एका नामांकित वकिलांना मी जवळून पाहिलं. समोरचा ज्युनिअर उठून म्हणाला, ‘सीनिअर दुसऱ्या कोर्टात आहेत, पासओव्हर मिळावा.’ म्हणजे मॅटर जरा वेळानं पुकारावं. दिवसाच्या खटल्यांची यादी लांबलचक, जजसाहेब द्यायला तयार. हे साहेब हसत म्हणाले, ‘मिलॉर्ड, माझ्या मित्रानं ब्रीफ वाचली असेल तर तोच करेल की.’ पोराचे कान लाल. वर जजसमोर साखर, खाली पोराला सुई. त्यांचं नाव पुढे गेलं असतं तर त्यांच्या फाइलवर ‘सचोटीविषयी प्रतिकूल काही नाही’ असंच आलं असतं, आणि ते खोटंही नसतं.

उलट एक न्यायमूर्ती आठवतात. भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याचं अपील होतं, जत भागातला म्हातारा शेतकरी स्वतः येऊन मागच्या बाकावर बसलेला. ऑर्डर इंग्रजीत डिक्टेट झाली, त्याच्या वकिलानं मान तुकवली, पुढचं मॅटर पुकारलं गेलं. न्यायमूर्तींनी असोसिएटला थांबवलं, म्हाताऱ्याला पुढे बोलावलं आणि मराठीत सांगितलं, ‘बाबा, तुमचं अपील मी फेटाळलंय. कागद कमी पडले. वरच्या कोर्टात जायचा तुम्हाला हक्क आहे.’ हरलेला माणूस हात जोडून गेला. हे कुठल्याही निकालपत्रिकेत छापलेलं सापडणार नाही.

तेव्हा तुमच्या विद्यार्थ्यापुरतं विचाराल तर एक गोष्ट बघा. जजसमोरही त्याचा पारा असाच चढतो का? चढत असेल तर तो नुसता तापट आहे. असे काही लोक खुर्चीवर बसल्यावर निवतात, कारण आता जिंकायचं कोणालाच नसतं. पण वर मऊ आणि मंडपवाल्यापाशीच कडक असा असेल, तर मला जास्त धास्ती वाटते. खुर्चीवर बसल्यावर समोर मंडपवालेच उभे असतात, वर बघायला कोणी राहत नाही.

अमेरिकेच्या पद्धतीचं मला पूर्वी अप्रूप होतं. तिकडे १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टासाठी सुचवलेल्या रॉबर्ट बोर्क यांना सिनेटनं ५८ विरुद्ध ४२ मतांनी नाकारलं. त्यानंतरचे उमेदवार शहाणे झाले आणि ‘हा प्रश्न उद्या माझ्यासमोर येऊ शकतो’ म्हणून बगल द्यायला शिकले. मग सप्टेंबर २०१८ मध्ये ब्रेट कॅव्हानॉ यांची सुनावणी झाली. त्यांच्यावर लैंगिक अत्याचाराचा आरोप होता, तो त्यांनी साफ नाकारला. पण नाकारताना ते इतके भडकले, सिनेटरांवर असे उलटले की दोन हजारांवर कायद्याच्या प्राध्यापकांनी पत्र लिहिलं : आरोपाचं काहीही असो, हा जजचा स्वभाव नव्हे. कॅव्हानॉ यांनी मतदानाआधी वर्तमानपत्रात लेख लिहून आपला सूर जरा चढला होता हे मान्य केलं. ५० विरुद्ध ४८ मतांनी ते झाले न्यायमूर्ती. मतं जवळजवळ पक्षाप्रमाणेच पडली. म्हणजे स्वभाव साऱ्या देशानं पाहिला आणि मोजला मात्र कोणीच नाही. शिवाय स्वतःच्या अब्रूवर बेतल्यावर माणूस कसा वागतो यावरून तो दुसऱ्याच्या भांडणात कसा वागेल हे ठरवावं का, याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. तरी त्यांच्याकडची एक गोष्ट घेण्यासारखी आहे : प्रश्न निदान सगळ्यांसमोर विचारला जातो. आपल्याकडे डिसेंबर २०२४ पासून न्यायवृंद उमेदवारांना बोलावून प्रत्यक्ष भेटू लागल्याच्या बातम्या आल्या. चांगलंच आहे. पण अशा भेटीलाही माणूस इस्त्रीचा कोट घालूनच जाणार.

रामशास्त्र्यांचं म्हणाल, तर राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगायची वेळ आली नसती तर ते आपल्याला इतके कळले असते का? काही माणसं खुर्चीवर बसल्यावरच कळतात. म्हणून मला अतिरिक्त न्यायमूर्ती ही सोय महत्त्वाची वाटते. अनुच्छेद २२४ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत अशी नेमणूक करता येते आणि मग कायम करायचं की नाही ते ठरतं. नागपूर खंडपीठाच्या न्या. पुष्पा गनेडीवाला यांचं उदाहरण तुम्हाला आठवत असेल. जानेवारी २०२१ मधला त्यांचा ‘त्वचेला त्वचेचा स्पर्श’वाला पोक्सोचा, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालचा, निकाल गाजला, त्यांना कायम करण्याची शिफारस मागे घेतली गेली, नोव्हेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो निकाल रद्द केला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. निकाल मला मुळीच पटला नव्हता. पण चुकीचा निकाल आणि वाईट स्वभाव एकाच मापानं मोजू नयेत, हेही त्या वेळी म्हणणारे फार थोडे होते.

कायम झाल्यावर तर माणूस हलत नाही. सुप्रीम कोर्टाचे न्या. व्ही. रामास्वामी यांना हटवण्याचा ठराव १९९३ मध्ये लोकसभेत पडला, कारण काँग्रेसचे खासदार मतदानालाच उभे राहिले नाहीत. म्हणून जे काय बघायचं ते उंबऱ्यावरच. बघणारेही माणसंच. २४ मे १९४९ रोजी घटना समितीत सरन्यायाधीशांची संमती सक्तीची करावी अशी दुरुस्ती आली, तेव्हा बाबासाहेबांनी ती नाकारली. सरन्यायाधीश कितीही थोर असले तरी सर्वसामान्यांचे सगळे दोष आणि पूर्वग्रह त्यांच्यातही असतात, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे १९९३ मध्ये सुप्रीम कोर्टानं नेमणुकीत सरन्यायाधीश आणि त्यांच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचा शब्द वरचढ ठरवला आणि गाडी नेमकी त्याच रुळावर नेली, ती गोष्ट वेगळी.

ताई, फेसबुकवर राजकीय मतं लिहिणारा वकील जज होऊ शकतो का? माझा मुलगा कायद्याला आहे आणि दिवसभर तेच करतो.
— एक काळजीत पडलेली आई, डोंबिवली

होऊ शकतो, पण उशीर होऊ शकतो. मुंबईचे वकील सोमशेखर सुंदरेसन यांची मुंबई हायकोर्टासाठी शिफारस न्यायवृंदानं फेब्रुवारी २०२२ मध्ये केली. सरकारनं ती परत पाठवली. समाजमाध्यमांवर ते सरकारी धोरणांवर टीका करतात, हा आक्षेप. जानेवारी २०२३ मध्ये न्यायवृंदानं नाव पुन्हा पाठवलं आणि लिहिलं की मत मांडल्यानं कोणी अपात्र होत नाही. शपथ झाली नोव्हेंबर २०२३ मध्ये. त्याच सुमारास मद्रास हायकोर्टासाठी व्हिक्टोरिया गौरी यांचं नाव आलं. अल्पसंख्याकांबद्दलच्या त्यांच्या जुन्या वक्तव्यांवर तिथल्या वकिलांनी हरकत घेतली. ७ फेब्रुवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टात सुनावणी चालू असतानाच तिकडे चेन्नईत शपथ उरकली. माणूस पात्र आहे का हे कोर्ट तपासू शकतं, लायक आहे का हे नाही, असं खंडपीठानं सांगितलं. त्या खंडपीठावर आपले अमरावतीचे न्या. भूषण गवई होते. माझीही पार्श्वभूमी राजकीय आहे, पण वीस वर्षांच्या न्यायदानात ती आड आली नाही, असं ते म्हणाले.

माझी रेघ अशी : धोरणावर टीका करणाऱ्यासमोर सरकारी वकिलाला भीती वाटायचं कारण नाही. पण एखाद्या समाजाविषयीच जो वाईट बोलला आहे, त्याच्यासमोर त्या समाजातल्या पक्षकारानं कशाच्या भरवशावर उभं राहायचं? मुलाला सांगा, बिनधास्त लिही, फक्त माणसांच्या जातीधर्मावर घसरू नकोस. आणि दिवसभर नको, थोडा अभ्यासही कर.

मॅडम, आमच्या बारमधल्या एका ज्येष्ठ वकिलांचं नाव वर गेल्याचं ऐकते. जिल्हा कोर्टात, भर सुनावणीत ते मला ‘घरी जाऊन पोळ्या लाटा’ म्हणाले होते. लिहावं का? कोणाला?
— एक तरुण वकील, मराठवाडा

लिही. नाव मुंबईत आहे तोवर हायकोर्टाच्या मुख्य न्यायमूर्तींना लिही. एकदा दिल्लीहून अधिसूचना निघाली की काय होतं ते वरच्या उत्तरात आलंच आहे. सही कर, निनावी पत्र कोणी धरत नाही. ‘ते वाईट आहेत’ असं मोघम लिहू नकोस. खटल्याचा नंबर, तारीख, कोर्ट हॉल आणि हजर कोण होतं ते लिही. ऐकीव एक वाक्यही घालू नको, त्यानं खरंही पातळ होतं. धोका आहे, तो लपवत नाही : नेमणूक झाली तर उद्या त्यांच्यासमोरच तुला उभं राहायचंय. म्हणून त्या दिवशी हॉलमध्ये असलेलं आणखी कोणी सही करतंय का ते बघ, शक्यतो समोरच्या बाजूचं. पत्र पाठवायच्या आधी त्या तारखेच्या रोजनाम्याची, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीची, नक्कल काढून ठेव. त्यात पोळ्यांचा उल्लेख नसणार, पण त्या दिवशी त्या कोर्टात तुम्ही दोघं समोरासमोर होतात एवढं त्यावरून दिसेल.