खिडकीला धरून उभं राहणारं बाळ

"आता सांगून काय उपयोग? उगाच घाबरतील ते, आणि आपण खोटे पडू." घराच्या जुन्या रंगात विषारी शिसं आहे हे भाडेकरूंना सांगायचा विषय निघाला की न्यू जर्सीत जुनी घरं भाड्याने देणाऱ्या मराठी मंडळींकडून हे मी अनेकदा ऐकलं आहे. त्यातलीच एक गोष्ट दोन्ही कुटुंबांच्या परवानगीने सांगते. नावं आणि काही तपशील बदलले आहेत.

2023 च्या उन्हाळ्यात नीताताई माझ्याकडे आल्या, झोप लागत नाही म्हणून. जर्सी सिटीत त्यांचं शंभरेक वर्षांचं लाकडी घर. वर त्या आणि त्यांचे यजमान, खाली भाड्याने एक तरुण मराठी जोडपं. पहिल्या दोन भेटी मुलगी कॉलेजला गेली, घर रिकामं झालं, यावरच गेल्या. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "खालचं बाळ आता खिडकीला धरून उभं राहतं," आणि रडायला लागल्या.

घर घेतानाच्या तपासणीत खिडक्यांच्या जुन्या रंगात शिसं निघालं होतं. अमेरिकेत घरगुती रंगात शिसं वापरायला 1978 साली बंदी आली. त्याआधीचं घर भाड्याने देताना, करारावर सह्या होण्यापूर्वी, अशा रंगाबद्दल जे माहीत असेल ते भाडेकरूला लेखी सांगावं लागतं, अहवाल असेल तर तो द्यावा लागतो, सोबत सरकारी माहितीपुस्तिकाही. हा 1992 चा केंद्रीय कायदा. तो मालकावर तपासणीची सक्ती करत नाही, पण माहीत असलेलं लपवायची मुभाही देत नाही. यजमानांनी मात्र त्या कागदावर 'माहिती नाही' इथे खूण केली होती.

पुढच्या वेळी मी दोघांना बोलावलं. यजमान वाईट माणूस नाहीत. घराचा हप्ता, मुलीची फी, यात खालचं भाडं थांबलं तर काय, ही भीती खरी होती. "सही केली तेव्हा त्यांना मूल नव्हतं," ते म्हणाले. "आणि आमच्या वाड्यात दर दिवाळीला दारांना तेलरंग लागायचा. आम्हाला काय झालं?"

काय झालं ते कुणी तपासलंच नव्हतं. शिशाने ताप येत नाही, पुरळ उठत नाही. लक्ष टिकत नाही, शिकायला जड जातं, हे पुढे शाळेत दिसतं. भारतातही घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 पासून लागू आहे. मग मी त्यांना खिडकीचं सांगितलं. जुनी खिडकी वर-खाली करताना लाकूड लाकडावर घासतं, रंगाची बारीक भुकटी कठड्यावर पडते. बाळाचे हात तिथे, आणि मग तोंडात. यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

नंतर म्हणाले, "शनिवारी मीच घासून नवा रंग देतो." मी घाईघाईने थांबवलं. कोरडं घासलं की तीच धूळ घरभर होते. हे काम प्रमाणपत्र असलेल्या कंत्राटदाराचं. तोवर पाळणा खिडकीपासून दूर आणि कठडे रोज ओल्या फडक्याने पुसायचे.

"अहवाल नुकताच सापडला असं सांगू का?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. मी नाही म्हटलं. ते दुसरं खोटं झालं असतं, आणि अहवालावर तारीख असतेच. त्या दिवशीचा उरलेला वेळ आम्ही चार वाक्यांवर घालवला. "आमच्याकडे अहवाल होता. आम्ही तो तुम्हाला दाखवला नाही, ही आमची चूक. बाळाची रक्ततपासणी लगेच करून घ्या. खिडक्यांचं काम आमच्या खर्चाने करतो." वकिलाला भेटा, हेही सांगितलं, कारण जाणूनबुजून लपवलं तर तिप्पट भरपाई द्यावी लागू शकते. पण वकिलाची वेळ मिळेपर्यंत बाळाच्या आईला अंधारात ठेवू नका, असं मी स्पष्ट म्हटलं.

त्याच संध्याकाळी दोघं खाली गेले.

न्यू जर्सीत मुलांची शिशाची तपासणी एक आणि दोन वर्षांची असताना होते. या बाळाची थोडी आधी झाली. आकडा साडेचारच्या आसपास. 3.5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त निघालं की इथे पुढची पावलं उचलतात. डॉक्टरांनी घराबरोबर भारतातून आणलेली हळद, कुंकू, काजळ यांचीही चौकशी केली, कारण त्यांतही शिसं सापडलेलं आहे. ते कळल्यावर यजमानांचा मला फोन आला. "म्हणजे आपल्या खिडक्यांमुळे नसेलही?" नसेलही. पण खिडक्यांतलं शिसं त्याने कमी होत नव्हतं, आणि हे मी त्यांना तसंच सांगितलं.

बाळाची आई दोन आठवडे नीताताईंशी बोलली नाही. तिचा राग रास्त होता, आणि नीताताईंनी तो समजावून घालवायचा प्रयत्न केला नाही, हे मला फार मोलाचं वाटलं. काम चाललं तेवढे दिवस त्या कुटुंबाची राहायची सोय यजमानांनी बाहेर केली. करार संपल्यावर ते कुटुंब न्यू जर्सीतल्याच एडिसनला गेलं. नंतर बाळाची पुन्हा तपासणी झाली. आकडा दोनच्या आत आला, हे त्या आईने स्वतः नीताताईंना फोन करून सांगितलं.