पट्टी काढून ये

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा वसंतराव देशपांडे सभागृहाच्या पायऱ्यांवर भेटलीस, तेव्हा तू एकाच हाताने नमस्कार केलास. उजवा हात ओढणीखाली होता. तरी तर्जनीला गुंडाळलेली पट्टी आणि अंगठ्याच्या मुळाशी आलेली सूज मला दिसली. पन्नास वर्षं तबलजींचे हातच बघतो आहे गं.

रात्री तुझा मेसेज आला. "काका, मोठं व्हायचं असेल तर एवढं सोसावंच लागतं ना?" फोनवर बोललो असतो तर सवयीने "हो" म्हणून गेलो असतो. आमच्या पिढीच्या तोंडून तेच निघतं. म्हणून कागद घेऊन बसलो.

तुझ्या गुरुजींनी पाहुण्यांसमोर "जा, वरातीत वाजव" म्हटलं. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष सोडायला सांगितलं. मनगट दुखतंय म्हटल्यावर दोन तास वाढवले. हे सगळं तू एका दमात लिहिलंस आणि शेवटी "पण ते फार मोठे आहेत" असंही लिहिलंस. मोठे असतील, त्यावर माझा वाद नाही. माझेही मोठे होते. आजही त्यांचं नाव घेताना माझा हात कानाच्या पाळीला जातो.

नागपूरच्या महाल भागातल्या एका वाड्याच्या माडीवर माझे गुरुजी शिकवत. 1978 सालचा मे महिना होता, पारा 45 च्या आसपास, वर पत्रे. खिडकीत कूलर होता, पण तो लावायची बंदी. कूलरच्या ओल्या हवेने पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, सैल पडते, तबला उतरतो, हे खरंच आहे. तबला सुरात लावायचा लाकडी गट्टा धरताना घामाने हात घसरायचा, हातोडी बोटावर बसायची. एक मुलगा तिथेच चक्कर येऊन पडला. गुरुजींनी आधी त्याचा तबला उचलून बाजूला ठेवला, मग पाणी मागवलं. त्या वेळी आम्हा सगळ्यांना ती निष्ठा वाटली. घरी जाऊन मी आईला कौतुकाने सांगितलं, तर तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुन्हा कधी वाड्यातलं काही तिला सांगितलं नाही.

आता नीट वाच, कारण इथे तुझी गफलत होते आहे. "धा धा तिट धा धा तिना" हा एकच कायदा, म्हणजे बोलांची एकच ठरीव रचना, त्यांनी मला आठ महिने वाजवायला लावला. बोट किनारीवर नेमकं कुठे पडतं, लगेच उठतं की चिकटतं, यावर महिना महिना गेला. ते आठ महिने कुणी परत दिले तर मी आजही घेईन. कंटाळा, बोटांचे घट्टे, पहाटेची झोप गेली, मित्रांसोबत फुटाळा तलावावर फिरणं राहिलं, या सगळ्याचा मोबदला हातात उतरला. रियाजासाठी दिलेली किंमत रियाज परत करतो. भीतीपोटी जे दिलं, त्यातलं मात्र काहीच परत आलं नाही.

पहिल्यांदा मोठ्या गायकाच्या साथीला बसलो ती बैठक धंतोलीत होती. विलंबित एकताल, म्हणजे अगदी संथ लयीतला बारा मात्रांचा ताल. त्याच्या एका फेरीला, आवर्तनाला, जवळजवळ मिनिट लागत होतं, म्हणजे दोन मात्रांच्या मधे केवढं तरी मोकळं रान. समोर पहिल्या रांगेत गुरुजी. गायक आकारात एका स्वरावर थांबले, लय किंचित सैल सोडली, आणि साथीदाराने तिथे त्यांच्यासोबत थांबायचं असतं. मी थांबलो नाही. गुरुजींची भुवई हलली असं मला वाटलं आणि मी तिरकिटचे बोल भरून पुढे निघालो. बरोबर वाजवलं, मात्राही चुकली नाही. मैफल संपल्यावर चहा घेता घेता गायक हळूच म्हणाले, "हात फार तयार आहे तुमचा. पण तुम्ही माझं गाणं ऐकत नव्हतात." त्या माणसाच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. दहा वर्षं मी लेहरा, तबल्यासोबत पेटीवर पुन्हा पुन्हा वाजणारी ती धून, ऐकलाच नव्हता. चेहरा बघत होतो. तो कान पुन्हा उघडायला मला पुढची कितीतरी वर्षं लागली, आणि पुरता उघडला असं आजही म्हणवत नाही.

आमच्यात सगळ्यांत उजवा एक गुरुबंधू होता. त्याचे धिरधिरचे जलद बोल ऐकून आम्ही आपले हात लपवत असू. त्याचंही मनगट असंच सुजलं होतं, तोही असाच लपवत होता. एकदा भर शिकवणीत गुरुजी त्याच्या वडिलांच्या गरिबीवर बोलले. त्याने तबल्याला नमस्कार केला, गवसणी घातली आणि जिना उतरला. आज त्याचं इतवारीत दुकान आहे, संसार नीट आहे. पण दारावरून गणपतीची मिरवणूक गेली की तो आत गोदामात जाऊन बसतो. थोरांच्या सोसण्याच्या गोष्टी आपण ऐकतो त्या जे पोहोचले त्यांच्या. माझ्या गुरुबंधूला असं काही विचारायला आजवर कुणी गेलं नाही.

मैहरच्या सरोदवादक अल्लाउद्दीन खाँसाहेबांचं उदाहरण तू दिलंस. खाँसाहेब आपल्या मुलाला, अली अकबरना, मारत, हे खरं आहे. पण 1938 साली मैहरला गेलेले रविशंकर एकदाच बोलणी खाऊन सामान बांधून निघाले होते, हेही त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. मार खाऊन वादन आलं की मार असूनही आलं, हे कसं ठरवणार? आणि तू तबला वाजवतेस, तर अल्लारखाँसाहेबांचं बघ ना. आपल्या सात वर्षांच्या मुलाला, झाकिरना, ते पहाटे तीनला उठवत आणि सहापर्यंत तोंडी बोल म्हणून घेत, जुन्या उस्तादांच्या गोष्टी सांगत. पहाटे तीन म्हणजे शिस्त कमी होती का? पण झाकिरभाई त्या पहाटांबद्दल आयुष्यभर ज्या आनंदाने बोलले, तो मला माझ्या वाड्याबद्दल बोलताना आणता येत नाही.

परीक्षा दे. ज्यांच्या नावाच्या सभागृहात परवा तू बसली होतीस, ते वसंतराव नागपुरात सप्रे गुरुजींकडे शिकले आणि पुढे कितीतरी वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करून गात राहिले. पदवीने गाणं-वाजवणं बुडत नाही.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं, पण लिहितो. पंधरा वर्षांपूर्वी माझ्याकडे एक पोरगा यायचा, गोड हाताचा. एकदा चार लोकांसमोर मी त्याला बोललो, आणि तोंडातून बाहेर पडले ते शब्दन् शब्द माझ्या गुरुजींचे. आवाजाचा चढही तोच. पोरगा पुन्हा आला नाही. मी दोनदा त्याच्या घरी गेलो, दारातूनच परत आलो. तुझ्याही हाताखाली उद्या कुणी पोर बसेल, म्हणून हे तुला आधीच सांगून ठेवतो.

आता हाताचं. अंगठ्याकडच्या स्नायूंच्या दोऱ्यांवरचं (कंडरांवरचं) आवरण सुजलं असावं, असं मला वाटतं, पण मी डॉक्टर नाही. उद्याच हाडांच्या डॉक्टरला दाखव, मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात गेलीस तरी चालेल. आराम आणि पट्टा यांवर हे बहुधा बरं होतं, अंगावर काढलं तर सुरीपर्यंत जातं. तोवर हात ठेवायचा मांडीवर आणि बोल म्हणायचे. गुरुजींना स्पष्ट सांग की डॉक्टरने थांबवलंय. ते काय म्हणतात, त्याहून आपला हात बघायला मागतात का, एवढंच बघ. त्यांच्याकडे राहायचं की निघायचं, ते त्यावरून तुझं तूच ठरवशील. निघालीस तर पाया पडून नीघ. राहिलीस तरी माझा राग नाही.

रविवारी सकाळी सातला घरी ये. तबला आणू नकोस. मी पेटीवर लेहरा धरतो, तू समोर बसून फक्त ऐक, टाळीसुद्धा द्यायची नाही. नंतर काकू तर्री-पोहे करणार आहे.

आणि बोटाची पट्टी काढून ये. मला बघू दे.

तुझा,
काका