वाचकांचे प्रश्न : मंगळाची माती आणि जीवाचा शोध

प्रश्न : व्हायकिंग यानांनी १९७६ मध्येच मंगळाच्या मातीत जीव शोधण्याचे प्रयोग केले होते, असे वाचनात आले. मग इतक्या वर्षांनंतरही तेथे जीव आहे की नाही, हे ठामपणे का सांगता येत नाही? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : याचे मुख्य कारण, माझ्या मते, शोधाच्या क्रमात आहे. त्या मातीचे रसायन ठाऊक नसताना तिच्यात थेट जीव शोधला गेला, आणि मिळालेल्या उत्तराचा अर्थ लावण्याचे साधनच त्या वेळी हाताशी नव्हते.

व्हायकिंग-१ हे यान २० जुलै १९७६ रोजी आणि व्हायकिंग-२ त्याच वर्षी ३ सप्टेंबरला मंगळावर उतरले. गिल्बर्ट लेव्हिन यांच्या प्रयोगात मातीवर किरणोत्सारी कार्बन असलेले पोषक द्रावण सोडले जात असे. मातीत सूक्ष्मजीव असतील तर ते पोषणद्रव्ये वापरून किरणोत्सारी वायू बाहेर टाकतील, अशी अपेक्षा होती. वायू खरोखरच बाहेर पडला, आणि माती आधी १६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून घेतली तेव्हा तो जवळजवळ थांबला. येथपर्यंत सारे जीवाच्या बाजूने होते. परंतु त्याच मातीला दुसऱ्यांदा द्रावण दिल्यावर वायूचा नवा लोट आला नाही. शिवाय माती ५०० अंशांपर्यंत तापवून सेंद्रिय रेणू शोधणाऱ्या दुसऱ्या उपकरणाला क्लोरीन असलेली दोन साधी संयुगे तेवढी सापडली, आणि तीही पृथ्वीवर उपकरणे स्वच्छ करताना वापरलेल्या द्रवांचे अवशेष मानली गेली. सेंद्रिय रेणू नाहीत तर जीव कोठून असणार, या तर्काने बहुतेक शास्त्रज्ञांनी नकार स्वीकारला. लेव्हिन यांनी तो अखेरपर्यंत मानला नाही.

या तर्कातील कच्चा दुवा २००८ मध्ये उघड झाला. मंगळाच्या उत्तर ध्रुवीय प्रदेशात उतरलेल्या फिनिक्स यानाला मातीत परक्लोरेट सापडले. हे क्लोरीन आणि ऑक्सिजनचे लवण थंडीत शांत असते, पण तापवले की ऑक्सिजन सोडते आणि जवळचे सेंद्रिय रेणू जाळून टाकते. २०१० मध्ये राफाएल नवारो-गोन्झालेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिलीतील अटाकामा वाळवंटाच्या मातीत परक्लोरेट मिसळून ती तापवली, तेव्हा क्लोरीनची तीच दोन संयुगे निर्माण झाली. म्हणजे व्हायकिंगच्या भट्टीने जे शोधायचे होते तेच नष्ट केले असण्याची शक्यता आहे. यावरून तेथे जीव होता असे सिद्ध होत नाही; मात्र जुन्या नकाराचा एक मोठा आधार निखळला, हे नक्की.

परक्लोरेटचे दुसरे अंगही लक्षात घ्यावे. मंगळावरील हवेचा दाब सुमारे ६ मिलिबार, म्हणजे पृथ्वीच्या शंभरावा हिस्साही नाही, त्यामुळे शुद्ध पाणी तेथे द्रवरूपात टिकत नाही. परक्लोरेट विरघळलेले पाणी मात्र कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही. पृथ्वीवरचे काही जीवाणू श्वसनासाठी परक्लोरेट वापरतातही. उलट, ओझोनचे कवच नसल्याने पृष्ठभागावर थेट पोहोचणारे अतिनील किरण परक्लोरेटच्या सान्निध्यात जीवाणूंना अधिकच घातक ठरतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. म्हणून आज जिवंत काही असेल तर ते उघड्या मातीपेक्षा खोलवर असण्याचा संभव मला अधिक वाटतो, आणि दोन मीटरपर्यंत छिद्र पाडू शकणाऱ्या युरोपीय रोझालिंड फ्रँकलिन रोव्हरची मी त्यासाठीच उत्सुकतेने वाट पाहत आहे.

नंतरच्या मोहिमांनी क्रम बदलला. क्युरिऑसिटी रोव्हरने २०१३ मध्ये गेल विवरातील गाळाच्या खडकात छिद्र पाडले, तेव्हा तांबड्या पृष्ठभागाखालून राखाडी भुकटी बाहेर आली. तिच्यातील चिकणमातीच्या खनिजांवरून तेथे कधीकाळी फारसे खारट वा आम्लयुक्त नसलेले पाणी साचले होते, असे दिसले. ही जागा जीवास योग्य होती, एवढेच यातून ठरते. जीव होता की नाही हा प्रश्न वेगळा, आणि बातम्यांमध्ये या दोन गोष्टींची सरमिसळ वारंवार होते. पर्सिव्हिअरन्स रोव्हरला जेझेरो विवरात २०२४ मध्ये आढळलेल्या ठिपकेदार खडकाबाबत हीच सावधगिरी हवी. त्यातील लोहाची फॉस्फेट आणि सल्फाइड खनिजे पृथ्वीवर अनेकदा सूक्ष्मजीवांमुळे तयार होतात, पण त्यांच्याविनाही होऊ शकतात. त्या खडकाचा नमुना पृथ्वीवर आणून तपासल्याखेरीज निवाडा होणे कठीण आहे.

प्रश्न : शाळेची सहल लोणारला नेणार आहोत. लोणार मंगळासारखे आहे, असे मुलांना सांगावे का? (एक शिक्षिका, जालना)

उत्तर : खडकापुरते अवश्य सांगावे. मंगळाचा बराचसा पृष्ठभाग बेसॉल्टचा आहे, आणि पृथ्वीवर बेसॉल्टमध्ये आघाताने झालेली, इतकी चांगली टिकलेली विवरे फार थोडी आहेत; सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे लोणार त्यांपैकी एक असल्याने मंगळाचे अभ्यासक तेथील खडकांचा उपयोग तुलनेसाठी करतात. सरोवरातील अल्कधर्मी पाणी आणि त्यातील सूक्ष्मजीव मात्र आपल्या उबदार, पावसाच्या प्रदेशाची देणगी आहेत. त्यांच्यावरून मंगळाबद्दल अनुमान काढू नये. मुलांना काठावर उभे करून बेसॉल्टचे थर बाहेरच्या बाजूला कसे कललेले आहेत, हे जरूर दाखवा, आणि एकही दगड उचलू देऊ नका.