हातमोजे नको, पाय बघा

नव्याने बॉक्सिंग बघणाऱ्यांना डावपेचांची लढत संथ वाटते, कारण नजर हातमोज्यांवर खिळलेली असते. ती पायांवर आणा. रिंगचा मधला भाग कोणी धरलाय, दोरांकडे कोण सरकतंय, आणि सरकणारा खरंच अडकलाय की समोरच्याला मुद्दाम ओढून आणतोय, हे पायच सांगतात.

सुरुवातीला ६ एप्रिल १९८७ ची लास वेगासमधली हॅगलर-लेनर्ड लढत बघा. १२ फेऱ्यांची. मार्व्हिन हॅगलर मूळचा डावखुऱ्या पवित्र्याचा, म्हणजे उजवा हात-पाय पुढे ठेवणारा, पण सुरुवातीला तो उजव्या पवित्र्यात, म्हणजे डावा हात-पाय पुढे ठेवून लढला. माझ्या मते लढत तिथेच निसटली. शुगर रे लेनर्ड सतत बाजूला सरकत राहिला, अंगाशी आलं की मिठी मारून वेळ काढला, आणि फेरीची शेवटची तीसेक सेकंदं उरली की भराभर ठोसे सोडले. पंचांच्या मनात फेरीचा शेवट राहतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दोन पंचांनी कौल लेनर्डला दिला, एकाने हॅगलरला. त्यावरचे वाद आजही संपलेले नाहीत, आणि मला ते मनापासून आवडतात.

दुसऱ्यांदा बघताना आवाज बंद ठेवा आणि प्रत्येक फेरीचे गुण स्वतः द्या: जिंकणाऱ्याला १०, दुसऱ्याला बहुधा ९. न लागलेला जॅबही, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, सोडू नका. पुष्कळदा तो अंतर मोजायला किंवा समोरच्याचे हात वर उचलायला टाकलेला असतो, आणि पुढचा ठोसा थेट बरगड्यांवर जातो. पाचव्या फेरीत चाललेली युक्ती आठव्या फेरीत चालेनाशी झाली, तर लढत तिथेच थांबवून मागे जा आणि समोरच्याने नेमकं काय बदललं ते शोधा.