लाल गोळी, चहा आणि सासूबाई

प्रश्न : मला पाचवा महिना लागलाय. हिमोग्लोबिन १०.२ आलं. आशाताईंनी लाल गोळ्या आणि कॅल्शिअम दिलं, खासगी दवाखान्यातून आयर्नच्या वेगळ्या कॅप्सूल मिळाल्या. लाल गोळीने मळमळतं, शौचाला काळी होते, म्हणून सगळंच बंद केलंय. सासूबाई म्हणतात, या गोळ्यांनी बाळ काळं होतं, शिवाय मोठं होऊन बाळंतपण अडतं. काय करू?
— एक वाचक, मंगळवेढा

उत्तर : बंद केलेल्यातली लाल गोळी आणि कॅल्शिअम आधी सुरू कर. शौच काळी होते ती न शोषल्या गेलेल्या लोहामुळे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बाळाचा रंग आईबापाकडून येतो. तो खाण्यापिण्यातून आला असता, तर केशराचं दूध पिणाऱ्या घरांत सगळी लेकरं गोरीपान निपजली असती! आणि बाळ फार मोठं होण्याची धास्ती असेल, तर रक्तातली साखर तपासून घे. त्याचा संबंध अनेकदा तिच्याशी असतो.

आता दोन पाकिटांचं. लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. तुझ्या कॅप्सूलमध्येही लोहच आहे. दोन्ही पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा आणि कोणतं, रोज किती, ते ठरवून घे. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली असलं की लाल गोळ्या रोज दोन देतात, पण मनाने दोन्ही पाकिटं एकत्र चालवू नकोस.

खरी गडबड वेळेची असते. आपल्याकडे जेवण उरकलं की चहाचं आधण चढतं, आणि गोळी त्याच चहाबरोबर पोटात जाते. चहा लोह शोषू देत नाही, दूध आणि कॅल्शिअमही नाही. म्हणून कॅल्शिअम न्याहारीनंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर घे. लोहाची गोळी दुपारी जेवल्यावर, लिंबूपाण्याबरोबर. चहा दीड-दोन तासांनी पी. दुसरी गोळी लिहून दिली, तर ती झोपताना, कॅल्शिअमनंतर दोन तास सोडून. उपाशीपोटी लोह जास्त शोषलं जातं हे खरं, पण मळमळून गोळी सुटण्यापेक्षा जेवणानंतर घेतलेली केव्हाही बरी. खडा होत असेल तर पाणी वाढव, रात्री भिजवलेल्या मनुका खा.

कुणी शेजारणीने ‘ताकदीच्या’ कॅप्सूल सुचवल्या, तर त्या मात्र नकोत. त्यांत अ जीवनसत्त्व रेटिनॉलच्या रूपात असू शकतं, आणि ते जास्त झालं तर बाळाला अपाय होतो, विशेषतः पहिल्या महिन्यांत. मांस-मासे-अंडी खात नसशील, तर बी-१२ जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना नक्की विचार.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. तिथे महिन्याभराने हिमोग्लोबिन पुन्हा बघ. गोळ्या नेमाने घेऊनही ते निदान एकाने चढलं नाही, तर थॅलेसेमियाची (रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराची) तपासणी आणि शिरेतून लोह देणं, या दोन्हींबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचार.