ब्रिटनच्या राजाला भेटताना स्त्रियांनी कर्ट्सी (गुडघे जरासे वाकवून केले जाणारे अभिवादन) करणे बंधनकारक आहे का?

नाही, बंधनकारक नाही. ब्रिटिश राजघराण्याच्या अधिकृत संकेतस्थळानेच वागण्याचे कोणतेही सक्तीचे नियम नसल्याचे सांगितले असून, ज्यांना परंपरा पाळायची असेल त्यांच्यापैकी पुरुषांनी केवळ मान झुकवावी, स्त्रियांनी छोटीशी कर्ट्सी करावी आणि इतरांनी नुसते हस्तांदोलन केले तरी चालेल, असा त्याचा आशय आहे. कर्ट्सी करताना एक पाऊल दुसऱ्याच्या मागे नेऊन, पाठ ताठ ठेवून गुडघे जरासे वाकवायचे असतात. पार जमिनीपर्यंत खाली जाण्याची गरज नसते, आणि खरे तर ते थोडे नाटकीच दिसते. ऑस्ट्रेलियाच्या तत्कालीन पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी २०११ मध्ये राणी एलिझाबेथ यांचे स्वागत करताना कर्ट्सीऐवजी किंचित झुकून हस्तांदोलन केले, तेव्हा त्याची बरीच चर्चा झाली. परंतु मोडण्याजोगा नियमच नसल्याने तो भंग ठरत नव्हता. मात्र एखाद्या संस्थेचा स्वतःचा संकेत वेगळा असू शकतो: विंबल्डनमध्ये खेळाडूंनी रॉयल बॉक्सपुढे (राजघराणे व खास पाहुण्यांसाठी राखीव जागेपुढे) झुकण्याची प्रथा २००३ मध्ये बंद करण्यात आली, तेव्हाही राणी किंवा युवराज उपस्थित असतील तो प्रसंग अपवाद म्हणून राखण्यात आला होता.