पुरस्काराचा मेल आलाय, कॉलेज सोडू द्यावं का?

प्रश्न : माझी मुलगी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय गणित. आजीला कमी दिसतं म्हणून तिने सुट्टीत एक वेबसाइट तयार केली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत गोष्टी वाचता येतात, ऐकताही येतात. गेल्या आठवड्यात तिला मेल आला की तिची साइट एका आंतरराष्ट्रीय डिजिटल पुरस्कारासाठी ‘विजेती’ म्हणून निवडली गेली आहे, ट्रॉफी आणि समारंभाचे पैसे रविवारपर्यंत भरावेत. ती म्हणते, हा इंटरनेटचा ऑस्कर आहे, आता कॉलेज सोडून पूर्ण वेळ हेच करणार. मला यातलं काही कळत नाही. पैसे भरू का? आणि तिला अडवू का? – एक वडील

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण त्या मेलमुळे ते एकमेकांत अडकलेत. आधी ते सोडवू.

‘इंटरनेटचा ऑस्कर’ असं लोक ज्याला म्हणतात तो वेबी पुरस्कार. त्याची सुरुवात 1996 सालची, पहिला सोहळा 1997 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत झाला, पुढे तो न्यूयॉर्कला गेला. इंटरनॅशनल अकॅडमी ऑफ डिजिटल आर्ट्स अँड सायन्सेस ही संस्था तो देते. वेबसाइट, व्हिडिओ, जाहिरात, ॲप, पॉडकास्ट, गेम असे त्याचे कितीतरी विभाग आहेत. प्रत्येक विभागात दोन विजेते असतात. एक अकॅडमीचे सदस्य निवडतात, दुसरा लोकांच्या मतांवर ठरतो. कधी दोन्ही मान एकालाच मिळतात, कधी नाही. लोकमताच्या पुरस्काराबद्दल माझं मत थोडं तिरकस आहे. ज्याच्या हाताशी मोठा प्रेक्षकवर्ग आहे, त्याला मतं मागणं सोपं जातं.

तिथेही प्रवेशासाठी पैसे लागतात, म्हणून ‘पैसे मागितले म्हणजे फसवणूक’ असं मी म्हणणार नाही. क्रम पाहा. तिथे आधी तुम्ही आपणहून प्रवेशिका आणि शुल्क भरता, मग परीक्षण होतं, त्यातून नामांकनं निघतात आणि शेवटी विजेता ठरतो. तुमच्या लेकीने प्रवेशिकाच पाठवलेली दिसत नाही (तिला एकदा विचारून घ्या), आणि ती थेट विजेती! आधी निकाल आणि मग पैसे असतील, तर समोरचा ट्रॉफी विकतोय. तरी शंका उरत असेल, तर तिच्याकडूनच तीन गोष्टी शोधून घ्या. परीक्षकांची नावं दिलीत का? मागच्या वर्षीच्या विजेत्यांची यादी उघडपणे मिळते का? त्या यादीतल्या साइट प्रत्यक्ष उघडतात का? अर्ध्या तासाचं काम आहे, आणि तिने ते करणं तुम्ही तिला समजावण्यापेक्षा जास्त उपयोगी ठरेल.

आता तिच्या साइटबद्दल. तुमच्या पत्रात मला खरा रस वाटला तो इथे, आणि तुम्ही यावर दोनच ओळी लिहिल्यात!

वेबसाइट तपासताना वेबीचे परीक्षक सहा गोष्टी पाहतात : मजकूर, रचना आणि नेव्हिगेशन (म्हणजे एका पानावरून दुसऱ्या पानावर जाण्याची सोय), दृश्य मांडणी, साइट नीट चालते का, वापरणाऱ्याशी ती कसा संवाद साधते, आणि एकूण अनुभव. हा कागद तिच्या हातात द्या आणि तिचीच साइट तिला तपासायला सांगा. गुण देऊ नका म्हणावं, फक्त प्रत्येक मुद्द्यापुढे लिहायचं की यात मी काय केलं आणि काय जमलं नाही. दृष्टी अधू असलेल्यांसाठी काम करायचं तर आणखी एक कसोटी आहे, ॲक्सेसिबिलिटीची, म्हणजे अपंग माणसालाही साइट वापरता येते का याची. वेबची मानकं ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने त्यासाठी 1999 पासून मार्गदर्शक नियम दिले आहेत. साध्या आकाराच्या अक्षरांचा आणि मागच्या रंगाचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान 4.5 : 1 हवा, हा त्यांतला एक. माउसला हात न लावता, नुसत्या कीबोर्डवर साइट चालते का? चित्राच्या मागे वर्णन लिहिलंय का, की वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तिथे नुसतं ‘इमेज’ म्हणून पुढे जातं? मुलीने हे आपणहून केलं असेल, तर तिच्यात या कामाची नजर आहे. केलं नसेल आणि कळल्यावर रात्री बसून दुरुस्त केलं, तरीही आहे.

मग लक्षात येईल की ‘वेबसाइट बनवणं’ हे एक काम नाही. पुरस्कार मिळालेल्या कामांखाली श्रेयनामावली असते, ती वाचायला सांगा. वापरणाऱ्यांचा अभ्यास करणारा वेगळा, मांडणी करणारा वेगळा, मजकूर लिहिणारा वेगळा, कोड लिहिणारे तिघे-चौघे, आवाजाचा माणूस, आणि या सगळ्यांकडून वेळेवर काम करून घेणारा निर्माता. गणित शिकणारी मुलगी यातल्या कोणत्या खुर्चीत बसेल? माझा अंदाज कोडिंगच्या बाजूचा आहे, पण आजीची अडचण तिला आधी दिसली हे मी विसरलेली नाही. कदाचित ती अभ्यासकाच्या खुर्चीत जास्त रमेल.

एक विद्यार्थी माझ्याकडे प्रमाणपत्रांची जाडजूड फाइल घेऊन आला होता. एकेका कागदावर बोट ठेवून मी विचारत गेले, ‘यात तू स्वतः काय केलंस?’ चौथ्या कागदाशी तो थांबला आणि फाइल मिटली. नोकरीच्या मुलाखतीत हाच प्रश्न येतो.

कॉलेज सोडण्याबद्दल माझं उत्तर : आत्ता नाही. यामागचं कारण पदवीचा मान वगैरे नाही. या क्षेत्रातली हत्यारं फार लवकर मरतात. एकेकाळी बक्षीसपात्र साइटींमध्ये फ्लॅशचा, म्हणजे साइटवर हलती चित्रं आणि खेळ दाखवणाऱ्या तंत्राचा, सुळसुळाट होता. 31 डिसेंबर 2020 ला अडोबीने फ्लॅश प्लेअरचा आधार काढून घेतला, आणि त्यातल्या अनेक साइट आज उघडतसुद्धा नाहीत. ज्यांना फक्त फ्लॅश येत होतं त्यांना नव्याने शिकावं लागलं. ज्यांना हालचाल, अक्षर, ताल, तर्क यांची जाण होती, त्यांनी हत्यार बदललं आणि काम चालू ठेवलं. तिचं गणित त्या दुसऱ्या यादीत बसतं. पदवी चालू ठेवून वर्षभरात दोन कामं पूर्ण करायची, त्यातलं एक दुसऱ्या कुणाबरोबर, म्हणजे भांडायचं कसं आणि जुळवून घ्यायचं कसं हेही कळेल. वर्षाने तिला अजूनही सोडावंसं वाटलं तर पुन्हा लिहा. तेव्हा माझं उत्तर वेगळं असू शकेल.

अडवू नका, हेही तितकंच. मेल खोटा निघाला म्हणून कामही खोटं, असं तिला घरातून ऐकू येता कामा नये. स्टीव्ह विल्हाइट यांनी जिफ हा चित्रांचा प्रकार 1987 मध्ये तयार केला आणि त्यांना वेबीचा जीवनगौरव मिळाला 2013 मध्ये. मधली सव्वीस वर्षं जग ती चित्रं वापरतच होतं.

त्या सोहळ्याची एक गंमत सांगते, तिला आवडेल. विजेत्याला भाषण फक्त पाच शब्दांत करता येतं. 2005 मध्ये अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर मंचावर आले आणि म्हणाले, ‘कृपया ही मतं पुन्हा मोजू नका.’ 2000 साली अध्यक्षपदाची निवडणूक ते मतांच्या फेरमोजणीच्या वादात हरले होते, ते सगळ्यांच्या डोक्यात होतं, त्यामुळे अर्थ सांगावा लागला नाही. (इंग्रजीत पाचच शब्द होते, मराठीत सहा झाले. आपल्याकडे ‘कृपया’ गाळावं लागेल.) जेवताना तिला विचारा, तुझ्या साइटबद्दल पाच शब्दांत काय सांगशील? ती ‘सुंदर’, ‘आधुनिक’ अशी विशेषणं मोजू लागली, तर अजून विचार करायला सांगा. ‘आजी आता स्वतःच गोष्ट वाचते’ असं काही म्हणाली, तर ते उत्तर मला कळवा.

आणि हो, पैसे भरायची मुदत रविवारी संपते म्हणता. संपू द्या.